नदीपलीकडचा पाऊस

“मेच्या शेवटच्या आठवड्यात पाऊस हाय का न्हाई, तेवढं सांगा,” तात्या म्हणाले.

पोह्यांची बशी नुकतीच पाव्हण्यांच्या हातात गेली होती. ती देऊन मी समोरच्या खुर्चीवर बसले होते. पदर दोन्ही खांद्यांवरून, नजर जमिनीवर, आईनं बसवली होती तशी. माझं नाव काय, शिक्षण किती, भाकरी थापता येते का, यातलं अजून कुणी काहीच विचारलं नव्हतं. मुलगी बघायला आलेल्या मुलाचीच परीक्षा सुरू झाली होती, आणि तीही ऐन फेब्रुवारीत, मेच्या पावसाची.

“सांगता येत नाही,” मुलगा म्हणाला.

तात्यांना वाटलं, पाव्हण्याला प्रश्न नीट ऐकू गेला नाही. त्यांनी तो पुन्हा, जरा आवाज चढवून विचारला.

“कळलं मला,” मुलगा म्हणाला. “पण नाही सांगता येत. कुणालाच नाही येत.”

मुलाचं नाव भालचंद्र. पुण्यात हवामानाच्या एका संशोधन संस्थेत तो नोकरीला होता. स्थळ आणलं होतं माझ्या यशवंतमामांनी, आणि आणताना मुलाची जात, उंची, पगार यांच्याआधी त्यांनी तात्यांना सांगितलं होतं, “दाजी, पोरगं पावसाचं काम करतं.” तात्यांची वीटभट्टी. कृष्णेच्या काठावर मोठं पटांगण, तिथं दिवाळीपासून मेअखेरपर्यंत विटा थापायच्या, उन्हात वाळवायच्या आणि भट्टी लावायची. कच्ची वीट म्हणजे नुसता चिखल; वळवाची एक सर आली की महिन्याची मेहनत पुन्हा मातीत. त्यामुळं आमच्या घरात देवापेक्षा आभाळाकडं जास्त वेळा बघितलं जायचं. पावसाचं आतलं कळणारा जावई मिळतोय म्हटल्यावर तात्यांनी मुलाचा फोटोसुद्धा मागितला नव्हता.

“पर तुमी त्याच कामाला हाय न्हवं?” मामांनी विचारलं.

“हो. आमचा गट लांब पल्ल्याच्या अंदाजावर काम करतो.”

“मग? फेब्रुवारी ते मे, ह्यो काय आखूड पल्ला हाय?”

भालचंद्रनं बशी खाली ठेवली. अंगावर आलेला प्रश्न झटकायचं त्याच्या मनात दिसेना; उलट तो खुशीत आला. लांब पल्ल्याचा अंदाज म्हणजे अख्ख्या देशात, पावसाळ्याच्या चारही महिन्यांत मिळून, पाऊस सरासरीहून कमी की जास्त, एवढंच. आणि तेसुद्धा चुकायची मुभा ठेवून. तुमच्या गावात, तुमच्या पटांगणात, अमुक दिवशी पाऊस येणार की नाही, हे तीन महिने आधी जो सांगेल तो तुम्हाला फसवतोय असं खुशाल समजा.

“सरासरी म्हंजी कुणाची?” तात्यांचा आवाज कोरडा झाला. “मला भिजवून शेजाऱ्याला वाळवला, तरी सरासरीच की.”

“बरोबर! अगदी हेच!” भालचंद्र असा हसला, जसा वर्गातल्या मागच्या बाकावरच्या पोरानं बरोबर उत्तर दिल्यावर मास्तर हसतो. तात्यांना शाबासकी नको होती, उत्तर हवं होतं. त्यांनी तोंड फिरवलं. भालचंद्रबरोबर त्याचे चुलते आले होते, त्यांना कमी ऐकू यायचं. ते मात्र सगळ्याला मान डोलवत पोहे खात होते.

मला हसू आवरेना. पदर तोंडाशी धरला, तर आईला वाटलं मी लाजले. “इंदे, पाव्हण्यास्नी भट्टी दावून आण,” ती म्हणाली. आमच्या घरात मुलामुलीनं एकटं बोलायचं म्हणजे असंच, भट्टीच्या निमित्तानं.

याआधी मला दोघं बघून गेले होते. पहिल्यानं पाच वर्षांत साताऱ्यात बंगला बांधणार असल्याचं सांगितलं. तेव्हा तो भाड्याच्या सायकलवरून आला होता. दुसऱ्यानं सांगितलं, माझी आई तुम्हाला लेकीसारखी वागवील. त्याची आई शेजारीच बसली होती आणि माझ्या हातातल्या पाटल्या सोन्याच्या की मुलाम्याच्या, ते डोळ्यांनी तपासत होती. या दोघांनंतर ‘सांगता येत नाही’ म्हणणारा माणूस पहिल्यांदाच समोर उभा होता.

भट्टीच्या धुरापाशी उभं राहून मी विचारलं, “मला बी.एड. करायचंय. लग्नानंतर करता येईल?”

“मी आडवा येणार नाही, एवढं माझ्या हातातलं सांगतो. प्रवेश मिळेल का, माझ्या आईला रुचेल का, ते नाही सांगता येत.”

“आणि मी तुमच्या घरात सुखात राहीन का?”

असल्या प्रश्नाला सगळे जे उत्तर देतात ते त्याच्याही तोंडात आलं असणार. पण तो खरंच विचार करत उभा राहिला. “माहीत नाही हो,” तो म्हणाला. “पण सुखात नसलात तर मला तसं सांगा. मी ऐकून घेईन.”

मी तिथंच मनातल्या मनात हो म्हणून टाकलं. मला माणूस आवडला म्हणजे इतका आवडला, की परत जाताना वाळत घातलेल्या विटांच्या रांगेवर पाय पडला तरी मला कळलं नाही.

पाव्हणे गेले आणि तात्यांनी निकाल दिला.

“ज्याचा पगार घेतो तेच सांगता येत न्हाई. उद्या पोरगी नांदवशील का म्हून इचारलं, तर म्हणंल सांगता येत न्हाई.”

“आवं, पोरगं खरं बोललं,” आई म्हणाली.

“खरं बोलून भट्टी पेटती का?”

मामांनी तोडगा काढला. मामांचा स्वतःचा विश्वास पंचांगावर. पावसाच्या प्रत्येक नक्षत्राला पंचांगात वाहन असतं. बेडूक किंवा म्हैस आली की पाऊस दणक्यात, कोल्हा किंवा मेंढा आला की हात राखून, असं ते दरवर्षी ठासून सांगायचे. आदल्या वर्षी कोल्ह्यानं दगा दिला होता आणि तात्यांची अर्धी वीट वाहून गेली होती. त्यावर मामा म्हणाले होते, “दाजी, कोल्हा लबाडच.” तेव्हापासून तात्यांनी पंचांगाला घरात फक्त मुहूर्तापुरतं ठेवलं होतं. मामांना ते लागलं होतं. यंदा रोहिणीला मेंढा होता, म्हणजे मेअखेर कोरडीच जाणार असं त्यांचं गणित होतं, आणि हेच गणित पुण्याच्या माणसाच्या तोंडून वदवून घेता आलं तर पंचांगाची गेलेली अब्रू परत येणार होती.

“दाजी, पोरगं लाजलं आसंल. पुन्ना इचारू,” ते म्हणाले.

“इचारा. पर माझी अट सांगा. लगीन मेच्या शेवटच्या आठवड्यात, माझ्या पटांगणात. दुसऱ्याच्या छपराखाली मी पोरगी उजवायचा न्हाई. शेवटची भट्टी बी त्याच आठवड्यात. ताडपत्र्या हायेत त्या इटा झाकायला पुरतील न्हाईतर वऱ्हाड. दोनीला न्हाई. तवा पाऊस येनार न्हाई असं त्यानं सांगावं, मग मी सुपारी फोडतो. न्हाईतर रामराम.”

मी आतून ऐकत होते. माझ्या लग्नाची सुपारी आभाळाच्या भरवशावर अडकली होती. आईला म्हटलं, मामांना सांग, त्या मुलाला पुन्हा असलं विचारू नका. आई म्हणाली, “तो काय सांगतोय मुलखाचा खरं बोलनारा. तू दुसऱ्या ठिकाणाची तयारी ठेव.” त्या रात्री जेवण गेलं नाही. मला माहीत होतं, तो पुन्हा तेच सांगणार. आणि त्यानं तेच सांगावं असंही वाटत होतं, नि सांगू नये असंही.

शिमगा झाला आणि बैठक बसली. तात्या तक्क्याला टेकून, समोर ताटात सुपारी, बाजूला अडकित्ता. मामा मुलाच्या खांद्याला खांदा लावून.

“काय पाव्हणं, झाला का इचार?”

भालचंद्रनं दाराआडच्या माझ्याकडं पाहिलं. मग तात्यांकडं.

“पाऊस पडणार नाही,” तो म्हणाला.

“नक्की?”

“नक्की.”

तात्यांनी सुपारी फोडली तो आवाज मला आतपर्यंत ऐकू आला. मामा उठून उभेच राहिले. “मेंढा! म्या म्हनलं न्हवतं?” मेंढा कोण, हे भालचंद्रला कळलं नाही, पण तोही सगळ्यांबरोबर हसला.

जेवणानंतर त्याच्या हातावर पाणी घालायला आईनं मलाच पाठवलं. तांब्या धरून मी हळूच विचारलं, “हे कसं काय सांगितलंत?”

“मागच्या तीस वर्षांच्या नोंदी काढल्या,” तो हात चोळत म्हणाला. “तुमच्या भागात त्या आठवड्यात बहुतेक वर्षी कोरडंच असतं. दहा वर्षांत दोन-तीनदाच पाऊस येतो. मी तेच सांगितलं. फक्त ‘बहुतेक’ तेवढं गाळलं.”

“का गाळलं?”

“ते ठेवलं असतं तर तुम्ही मिळाला नसता.”

खोटं का सांगू, मी विरघळले. आयुष्यात कधी खोटं न बोललेल्या माणसानं पहिलं खोटं माझ्यासाठी बोलावं, यापुढं बंगला काय आणि पाटल्या काय. पाणी त्याच्या हातावर कमी आणि बाहीवर जास्त पडलं.

माझं चुकलं ते इथंच, असं आई पुढं म्हणायची. पण मी तिला सांगायचे, चूक कसली, कुणीही विरघळलं असतं. कुणाला ठाऊक होतं की गाळलेला एक शब्द माणसाला इतका हलका करतो!

तात्यांच्या पोटात काही राहत नसे. आठ दिवसांत काठावरच्या सगळ्या भट्टीवाल्यांना कळलं की तात्यांच्या जावयानं मेअखेर कोरडी सांगितलीय. सरकारी रेडिओ ‘तुरळक ठिकाणी शक्यता’ म्हणतो. आमचा जावई नक्की म्हणतो. एप्रिलमध्ये एका रविवारी भालचंद्र लग्नाच्या कपड्यांचं बोलायला आला, तर ओसरीवर माणसं बसलेली. पहिला प्रश्न गणपतकाकांनी विचारला. गणपतकाका तात्यांचे बरोबरीचे, नदीच्या पलीकडच्या काठाला त्यांची भट्टी. साधा, देवमाणूस. आपल्या पोरीच्या लग्नात त्यांनी माझ्यासाठीही लुगडं काढून ठेवलं होतं.

“जावयबापू, मी बी शेवटची भट्टी लावू का? का आवरू?”

भालचंद्र कावराबावरा झाला. “काका, ते शक्यतेवर असतं. म्हणजे बहुतेक वेळा—”

“बहुतेक कशाला?” मामा मध्येच म्हणाले. “बैठकीत नक्की म्हणाला की. आता सासऱ्याला एक आन् लोकास्नी एक?”

ओसरीवरचे सगळे त्याच्याकडं बघत होते. तात्याही बघत होते. त्यांच्या तोंडावरची खुशी जरा मावळायला लागली होती.

“लावा,” भालचंद्र म्हणाला.

पुढच्या वेळी त्यानं ‘बहुतेक’ काढलंच नाही. त्याच्या पुढच्या वेळी उत्तर द्यायच्या आधी त्यानं अंगणात उतरून आभाळाकडं बघितलं. मला हसू आलं; महिन्याभरानंतरचं आभाळ आज बघून काय दिसणार, हे त्यानंच मला भट्टीपाशी समजावलं असतं. पण लोकांना ते फार पटलं. तो वर बघत असताना कुणी खोकतसुद्धा नव्हतं. मग तो हनुवटी धरायला लागला. मग मामांनी त्याच्यासाठी ओसरीवर खुर्ची ठेवली आणि मी कपड्यांचं बोलायला आले की मला म्हणायचे, “थांब गं जरा, मानसं ताटकळल्यात.”

एकानं म्हैस कधी विणार ते विचारलं. भालचंद्र हसून म्हणाला, “म्हशीचं माझ्याकडं नाही हो.” मला इतकं बरं वाटलं! म्हटलं, आहे अजून, शाबूत आहे. पुढच्या रविवारी त्याच माणसानं पुन्हा विचारलं, तर तो म्हणाला, “चार-पाच दिवसांत विईल.” म्हैस तिसऱ्या दिवशी व्याली. त्या माणसानं खरवस आणून दिला आणि तो भालचंद्रनं घेतला.

“हे काय चाललंय?” मी त्याला परसात गाठून विचारलं.

“अगं, लोकांना आधार वाटतो.” आता तो मला अगं-तूगं करायला लागला होता. “आमच्या संस्थेत मी वर्षानुवर्षं आकडे काढतो. छापून येतं, कुणी वाचत नाही. इथं बघ. माणूस विचारतो, ऐकतो, घरी जाऊन तसं करतो.”

“आणि पाऊस आला तर?”

“नाही येणार.”

“तुम्हीच म्हणाला होतात, दहा वर्षांत दोन-तीनदा येतो.”

“ते दहा वर्षांचं. मी या वर्षाचं सांगतोय.”

तो निघून गेला आणि मी पाटीतल्या शेणाकडं बघत उभी राहिले. मला भीती वाटायला लागली. लग्न मोडावं असं नव्हतं वाटत. मला तो हवा होता. पण मला तोच हवा होता, भट्टीपाशी ‘माहीत नाही हो’ म्हणालेला. त्याला परत आणायचा एकच उपाय दिसत होता. एक चांगला, सणसणीत वळीव. सगळी मुलखातली माणसं कोरड्या मेसाठी देव पाण्यात ठेवून बसली होती, आणि मी नवरी मुलगी हळद लागेपर्यंत उलटा नवस करत होते.

लग्नाचा मुहूर्त गोरज. तात्यांनी जावयावरचा विश्वास दाखवायचा म्हणून ताडपत्र्या विटांवरही घातल्या नाहीत आणि मांडवावरही नाहीत. घरामागं गुंडाळून ठेवल्या. मांडवाला वर पातळ कापड, पलीकडं कच्च्या विटांच्या रांगाच्या रांगा उघड्या. येणाऱ्या प्रत्येकाला ते आधी विटा दाखवत होते, मग नवरा मुलगा. गणपतकाकाही आले होते, नदीपलीकडून, घरच्या सगळ्यांना घेऊन. “तुमच्या शब्दावर लावली बगा भट्टी,” ते भालचंद्रला म्हणाले. भालचंद्रनं बाशिंगाच्या आडून मान हलवली, एखाद्या देवस्थानच्या पुजाऱ्यासारखी.

दुपार कलली आणि पश्चिमेकडून काळं यायला लागलं.

 एकेकाची मान वर व्हायला लागली. मला मांडवात आणून पाटावर उभं केलं तेव्हा अख्खं वऱ्हाड आभाळाकडं बघत होतं आणि नवरीकडं कुणाचंच लक्ष नव्हतं. भटजींनी अंतरपाट धरायला लावला आणि मंगलाष्टकं अशा घाईनं सुरू केली की ‘शुभ मंगल’ कधी संपलं आणि ‘सावधान’ कधी आलं ते कळेना. वारा सुटला. मांडवाचं कापड फडफडलं. बायकांनी अक्षता मुठीत धरून डोक्यावर पदर ओढले.

“दाजी, ताडपत्र्या!” मामा ओरडले.

“न्हाई!” तात्या ओरडले. “शबुद दिलाय जावयानं!”

अंतरपाटाच्या अलीकडं मी डोळे मिटून घेतले. पड, मी म्हटलं. पड रे बाबा. माझा शालू भिजू दे, बुंदी भिजू दे, तात्यांच्या विटांचा चिखल होऊ दे, ते पुन्हा थापतील. पण पड. एवढ्या लोकांत याचा शब्द खोटा पाड आणि मला माझा माणूस परत दे.

विजेचा आवाज झाला. कुणीतरी म्हणालं, “आला, आला!” आणि मग कुणीतरी म्हणालं, “पलीकडं! नदीपलीकडं!”

मी डोळे उघडले. पलीकडच्या काठावर पाऊस उभा होता. पांढरा, सरळ, इतका दाट की मागची टेकडी दिसेना. वाऱ्याबरोबर त्याचा गारवा आमच्या तोंडावर येत होता. सगळं वऱ्हाड श्वास धरून बघत होतं. पण पाऊस नदीच्या अलीकडं आला नाही. आमच्या मांडवावर चार थेंबसुद्धा पडले नाहीत.

“सावधान!” भटजी म्हणाले आणि अंतरपाट बाजूला झाला. अक्षता माझ्यावर पडल्या त्याहून जास्त भालचंद्रवर पडल्या. मामांनी टोपी वर उडवली. बँडवाल्यांना कुणी सांगितलं नव्हतं तरी ते वाजवायला लागले. तात्यांनी, ज्या तात्यांनी माझ्या आजीच्या जाण्यालाही डोळ्यांत पाणी काढलं नव्हतं, त्यांनी जावयाला मिठी मारून रडायला सुरुवात केली. मी हार हातात घेऊन उभी होते.

पंगत बसली तेव्हा पलीकडून माणूस आला. तो गणपतकाकांच्या कानाशी वाकला. काका पानावरून उठले, हात तसेच खरकटे, आणि आमच्या पाटांसमोर येऊन उभे राहिले.

“सगळी ग्येली,” ते म्हणाले. ओरडले नाहीत. “एक वीट न्हाई ऱ्हायली. जावयबापू, तुमच्या शब्दावर मी झाकली न्हवती.”

 मी भालचंद्रकडं बघितलं. मला वाटलं, आता. आता तो उठेल, त्यांचे हात धरेल, म्हणेल, काका, मला माहीत नव्हतं, मी उगाच बोललो. माझा सगळा नवस त्या एका वाक्यावर येऊन थांबला होता.

भालचंद्रनं हनुवटी धरली.

“काका, मी या गावाचं सांगितलं होतं,” तो म्हणाला. “पलीकडच्या काठाचं मी बोललोच नव्हतो.”

“खरं हाय!” मामा म्हणाले. “त्यांनी पलीकडचं कुटं सांगितलं हुतं?”

“तुमी नीट इचारायचं हुतं, गणपतराव,” आणखी कुणी म्हणालं. आणि मग पंगतीत इकडून तिकडं कुजबुज सुरू झाली: बघा, कसलं बारीक गणित, नदीच्या या काठाचं कोरडं नि त्या काठाचं ओलं. अशी ख्याती तर पाऊस कुठंच न पडता झाली नसती.  गणपतकाकांनी आपल्या माणसांना खूण केली आणि सगळे अर्ध्या पानावरून उठून निघून गेले. त्यांच्या जागी लगेच दुसरे बसले, कारण मागं पंगत तुंबली होती.

“चला, घास भरवा!” बायकांनी गलका केला. “आधी नाव घ्या, इंदूबाई! मोठ्यानं!”

आईनं मला आठवडाभर आधी उखाणा पाठ करून घेतला होता, चांदीच्या ताटाचा की कसला. तो मला येत होता. मी जिलबीचा तुकडा हातात घेतला, भालचंद्रकडं बघितलं आणि म्हटलं,

“वळीव गेला नदीपार, अंगण राहिलं कोरडं,
भालचंद्ररावांचं नाव घेते, नशिबाचं जड पारडं.”

बायका जरा चपापल्या, मग हसल्या. यमक जमलं होतं. तात्यांना त्यात आपल्या जावयाचं कौतुकच ऐकू आलं, त्यांनी मांडीवर थाप मारली. मी मात्र फक्त एका माणसाकडं बघत होते. मी हे ज्याच्यासाठी म्हटलं होतं, त्याला त्याचा अर्थ सगळ्या मांडवात एकट्याला कळणार होता. भट्टीपाशी ज्यानं मला उत्तर दिलं होतं, तो यावर खळखळून हसला असता. “बरोबर! अगदी हेच!” असं सगळ्यांदेखत म्हणाला असता. मी हात पुढं धरून वाट बघत राहिले.

भालचंद्रचा चेहरा उतरला. तो माझ्या कानाशी वाकला.

“नशीब कशाला म्हणालीस?” तो म्हणाला. “लोकांचा गैरसमज होतो. अभ्यास आहे माझा.”

मी ज्याला पसंत केलं होतं तो मुलगा लग्नाला आलाच नव्हता. जो आला होता त्यानं जिलबीचा तुकडा माझ्या तोंडापाशी धरला, आणि मी तोंड उघडलं, कारण सगळं वऱ्हाड बघत होतं.